तिकीट मतदाराच्या हाती देणारा माणूस

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो, तो म्हणजे तिकीट. कोणाला मिळालं, कोणाचं कापलं, कोण मुंबईत तळ ठोकून बसला आहे, कोण रातोरात दिल्लीला गेला, याच्या बातम्या आपण चहाबरोबर चवीने वाचतो. मतदाराचा नंबर या सगळ्यात अगदी शेवटी येतो. पंगतीचा बेत दुसऱ्यांनीच ठरवायचा आणि आपण फक्त आधी भात की आधी पोळी एवढं सांगायचं, तसा हा प्रकार. उमेदवार निवडण्याचा हक्कही मतदाराचाच असावा, असं कोणाला कधी वाटलं नसेल का?

एका माणसाला वाटलं होतं. त्याने त्यासाठी आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं खर्च केली, तसा कायदा करून घेतला, आणि पुढे त्याच कायद्याने त्याच्या घराला चटकाही दिला. त्याचं नाव रॉबर्ट मॅरियन ला फॉलेट. अमेरिकेच्या उत्तर भागात, मोठमोठ्या सरोवरांच्या कडेला विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. दुधाचं, चीजचं आणि कडाक्याच्या थंडीचं राज्य. तिथे त्याला अजून ‘फायटिंग बॉब’ म्हणतात. आपल्याकडे लिंकन, रूझवेल्ट, केनेडी सर्वांना ठाऊक आहेत, पण हा गडी फारसा कोणाला माहीत नाही. कादंबरीकार म्हणून मला मात्र त्या तिघांपेक्षा याच्यात अधिक रस वाटत आला आहे. जिंकलेल्या माणसांच्या गोष्टी सगळेच सांगतात.

त्याचा जन्म १४ जून १८५५ चा, प्रिमरोझ या खेड्यातल्या लाकडी ओंडक्यांच्या घरातला. बॉब आठ महिन्यांचा असतानाच वडील गेले. आईने पुढे दुसरं लग्न केलं ते वयाने बऱ्याच मोठ्या, कडक शिस्तीच्या आणि धर्मभोळ्या अशा एका दुकानदाराशी. त्या घरात पोराचं बालपण फारसं सुखाचं गेलं नाही. पुढे कुटुंब मॅडिसन या राजधानीच्या गावी आलं आणि बॉब तिथल्या विद्यापीठात दाखल झाला. अभ्यासात तो यथातथाच होता. नाटक आणि वक्तृत्व हे त्याचे खरे विषय. अंगाने ठेंगणा, पण डोक्यावर केसांचा उंच झुपका आणि आवाज खणखणीत. १८७९ मध्ये आयोवात झालेल्या आंतरराज्य वक्तृत्व स्पर्धेत तो पहिला आला. भाषणाचा विषय होता शेक्सपिअरचा इयागो. गोड बोलून दुसऱ्याचा घात करणाऱ्या त्या खलनायकाची इतकी बारीक चिकित्सा ज्याने विशीत केली, त्याला पुढची चाळीस वर्षं तशाच मंडळींशी सामना करावा लागला, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

विद्यापीठातच त्याला बेल केस भेटली. १८८१ च्या शेवटच्या दिवशी त्यांचं लग्न झालं. लग्नाच्या शपथेतला, पत्नीने पतीच्या आज्ञेत राहण्याचा शब्द दोघांनी ठरवून गाळला. काळ लक्षात घ्या, १८८१! ही बेल पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातून पदवी घेणारी पहिली स्त्री ठरली. नवऱ्याच्या प्रत्येक मोठ्या निर्णयात तिचा विचार असे. तिच्यावर वेगळा लेखच लिहायला हवा.

लग्नाच्या आदल्याच वर्षी, १८८० मध्ये, त्याने जिल्ह्याच्या सरकारी वकिलाच्या जागेसाठी उभं राहायचं ठरवलं. ही जागा तिथे निवडणुकीने भरतात. त्या वेळी मॅडिसनचा पोस्टमास्तर एलिशा कीज हा रिपब्लिकन पक्षाचा गावातला कर्ताकरविता होता. त्याने या पोराला पोस्टातच गाठलं आणि वेळ फुकट घालवू नकोस, त्या जागेचं आमचं ठरलं आहे, अशी समज दिली. दुसरा कोणी असता तर हात जोडून परतला असता. बॉब घोडागाडी जुंपून शेतकऱ्यांच्या दारोदार हिंडला. या भागात नॉर्वेहून आलेली कुटुंबं पुष्कळ. त्यांच्या भाषेत मोडकंतोडकं बोलायला तो लहानपणीच शिकला होता. तो निवडून आला, आणि पोस्टमास्तरांनी ठरवलेलं मोडता येतं हे त्याला कळलं. चार वर्षांनी तो अमेरिकन काँग्रेसवर गेला, तेव्हा तिथला वयाने सर्वांत लहान सभासद होता. तीन मुदती झाल्या. १८९० मध्ये पक्षाचीच लाट उलटली आणि तोही पडला. तोवर तो बंडखोर नव्हता, पक्षाचा शहाणा कार्यकर्ता होता, हे सांगायला हवं.

त्याला बंडखोर केलं ते बँकेतल्या व्याजाने.

माझी नोकरीची बरीच वर्षं ठेवी, व्याजाचे तक्ते आणि ऑडिटरच्या शेऱ्यांत गेली, त्यामुळे हे प्रकरण मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचलं. विस्कॉन्सिनच्या तिजोरीचा पैसा राज्याचे खजिनदार निरनिराळ्या बँकांत ठेवत. त्यावरचं व्याज मात्र राज्याच्या खात्यात जमा न होता वर्षानुवर्षं खजिनदारांकडे जाई. मुद्दल सहीसलामत, हिशोब चोख, फक्त व्याज गायब! लोक याला चोरीही म्हणत नसत, वहिवाट म्हणत. १८९१ मध्ये विरोधी पक्षाचं सरकार आलं आणि त्याने माजी खजिनदारांवर वसुलीचे दावे लावले. रक्कम मोठी होती, आणि खजिनदारांना जे जामीन राहिले होते, त्यांत फिलेटस सॉयर हा लाकूड व्यापारातला लक्षाधीश आणि विस्कॉन्सिनचा सिनेटर होता. दावा ज्या न्यायाधीशापुढे येणार होता, तो ला फॉलेटचा मेहुणा.

सप्टेंबर १८९१ मध्ये सॉयरने ला फॉलेटला मिलवॉकीच्या प्लँकिंटन हाउस हॉटेलात बोलावून घेतलं. तिथे नेमकं काय झालं याच्या दोन हकिगती आहेत. ला फॉलेटच्या म्हणण्याप्रमाणे सॉयरने पाकिटात हात घातला आणि मेहुण्याकडे शब्द टाकण्यासाठी पैसे देऊ केले. सॉयरच्या म्हणण्याप्रमाणे तो केवळ वकिलाची फी देत होता आणि न्यायाधीशाशी असलेलं नातं त्याला ठाऊकच नव्हतं. दोघांखेरीज साक्षीदार कोणी नाही. मला विचाराल तर ज्याच्या खिशातून एवढी रक्कम जाणार आहे, त्या मुरलेल्या व्यापाऱ्याला न्यायाधीशाचे नातेवाईक कोण हे ठाऊक नसावं, हे पटायला कठीण आहे. पण बोभाटा झाला तो ला फॉलेटवरच उलटला. पक्षातली मंडळी त्याला रस्त्यात टाळू लागली. म्हाताऱ्या, दानशूर पुढाऱ्याला बदनाम करणारा कृतघ्न, असा शिक्का बसला. तिथून पुढे तो वेगळा माणूस झाला.

आता उमेदवार कसा ठरे ते थोडं समजून घेऊ, नाहीतर पुढची लढाई कळायची नाही. गावोगावच्या पक्षसभा प्रतिनिधी निवडत, ते जिल्ह्याच्या अधिवेशनात जात, तिथून निवडलेले राज्याच्या अधिवेशनात, आणि तिथे गव्हर्नरपदाचा उमेदवार ठरे. राष्ट्राध्यक्षपदासाठी याच्याही वर आणखी एक पायरी, राष्ट्रीय अधिवेशन. कागदावर सुंदर लोकशाही. प्रत्यक्षात दर पायरीवर एकेक कीज बसलेला. गावच्या सभेला दहा-वीस माणसं असत आणि ती कोणी आणली ते सर्वांना ठाऊक असे. रेल्वे कंपन्या प्रतिनिधींना फुकट पास देत. असा पास खिशात असलेला माणूस मत कुणाला देणार? मी स्वतः एका पतसंस्थेच्या निवडणुकीत हे छोट्या प्रमाणावर पाहिलं आहे. पॅनेल एकाच्या गच्चीवर ठरलं, आमच्या हाती आली ती छापील नावांची चिठ्ठी. मतदान मात्र अगदी गुप्त आणि शिस्तीत पार पडलं.

१८९६ मध्ये ला फॉलेट गव्हर्नरपदाची उमेदवारी मागायला मिलवॉकीच्या अधिवेशनात उतरला. संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे पुरेसे प्रतिनिधी होते. रात्रीतून ते फुटले. हॉटेलच्या खोल्यांत पैसे वाटले गेले, असा त्याचा आरोप होता. १८९८ मध्ये पुन्हा तेच. पण त्या पराभवांच्या मधल्या काळात, फेब्रुवारी १८९७ मध्ये, शिकागो विद्यापीठातल्या एका व्याख्यानात त्याने आपला उपाय मांडला होता. या पायऱ्याच काढून टाकायच्या. पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायलाही सरकारी देखरेखीखाली, छापील मतपत्रिकेवर, गुप्त मतदान घ्यायचं. याला प्रायमरी म्हणतात. मूळ निवडणुकीच्या आधीची निवडणूक.

मग तो जत्रांमधून हिंडू लागला. तिकडे शरद ऋतूत जिल्ह्याजिल्ह्यात शेतकी जत्रा भरतात. आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनासारख्या, पण गाई-बैलांबरोबर घोड्यांच्या शर्यतीही असायच्या. तिथे हा ठेंगणा माणूस गाडीवर चढून दोन-दोन, तीन-तीन तास बोलायचा आणि लोक ऐकायचे. लोणी आणि भोपळ्याची बक्षिसं बघायला आलेल्या माणसांना प्रतिनिधी निवडीची रीत समजावून सांगायची, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. १९०० साली तो अखेर गव्हर्नर झाला. त्यासाठी मात्र त्याला जुन्या शत्रूंपैकी काहींशी जुळवून घ्यावं लागलं, भाषा मवाळ करावी लागली. त्याचे भक्त हा भाग सहसा सांगत नाहीत.

विधिमंडळाने त्याच्या प्रायमरीच्या विधेयकाचे लचके तोडून उरलेलं त्याच्यापुढे सहीला ठेवलं. त्याने नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. तडजोड होत होत १९०३ मध्ये कायदा संमत झाला, पण १९०४ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी कौल दिला तरच लागू व्हावा, या अटीवर. मग त्याने एक युक्ती काढली. ज्या आमदाराने विरोधात मत दिलं, त्याच्याच मतदारसंघात जाऊन भर सभेत विधिमंडळाच्या नोंदवहीतून त्याची मतं वाचून दाखवायची. या विधेयकावर या गृहस्थांचं मत असं, त्या विधेयकावर तसं. शिवी नाही, टीका नाही, नुसतं वाचन. बँकेत आम्ही थकबाकीदारांची यादी फलकावर लावण्याचा विचार जरी बोलून दाखवला तरी काय धावपळ उडते, ते मी पाहिलेलं आहे. त्यामुळे या वाचनाची धग मला कळते.

त्याच १९०४ च्या मे महिन्यात जे घडलं, त्याशिवाय पुढचं सगळं घडलं नसतं. रिपब्लिकन पक्षाचं राज्य अधिवेशन मॅडिसनला, विद्यापीठाच्या लाल विटांच्या व्यायामशाळेत भरलं. विरोधी गट बनावट ओळखपत्रं घेऊन घुसणार अशी कुणकुण होती. म्हणून दाराशी तारेचं कुंपण घालून एकेक माणूस जाईल एवढीच वाट ठेवली आणि पहाऱ्याला विद्यापीठाचे धिप्पाड फुटबॉल खेळाडू उभे केले. लोकशाहीच्या शुद्धीकरणासाठी काटेरी तार आणि पैलवान! विरोधी गट उठून गेला, त्याने गावातल्या नाट्यगृहात आपलं वेगळं अधिवेशन भरवलं. एका पक्षाचे दोन उमेदवार, दोन प्रतिनिधी मंडळं. जूनमध्ये शिकागोला राष्ट्रीय अधिवेशन झालं, तिथे राष्ट्रीय पुढाऱ्यांनी विरोधी गटाचे प्रतिनिधी खरे मानले आणि ला फॉलेटच्या माणसांना बाहेर ठेवलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरात उलट निकाल दिला आणि त्याचा गट अधिकृत ठरवला. नोव्हेंबरमध्ये तो तिसऱ्यांदा गव्हर्नर झाला आणि प्रायमरीच्या कायद्यालाही लोकांनी कौल दिला.

पण शिकागोचा अपमान तो विसरला नाही. १९०५ मध्ये त्याने आणखी एक कायदा करून घेतला. राष्ट्राध्यक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधीही यापुढे मतदारच निवडतील. अमेरिकेत आज दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीचा जो गाजावाजा आपण टीव्हीवर पाहतो, त्याची सुरुवात सहसा या कायद्यापासून मोजतात. ओरेगॉनने १९१० मध्ये पुढचं पाऊल टाकलं आणि प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुकांची नावंच मतदारांपुढे ठेवण्याची सोय केली.

विस्कॉन्सिनच्या प्रायमरीत खरी मेख होती ती मतपत्रिकेत. पक्षाचा उमेदवार निवडायचा, तर मतदाराने आपण कोणत्या पक्षाचे ते सांगायला नको का? बहुतेक राज्यांनी तसंच केलं. विस्कॉन्सिनने म्हटलं, नको. सांगावं लागलं तर लाकडाच्या गिरणीतल्या कामगाराची पसंती संध्याकाळपर्यंत गिरणीमालकाला कळणार. म्हणून सगळ्या पक्षांच्या मतपत्रिका एकत्र जोडून मतदाराच्या हाती द्यायच्या. त्याने आडोशाला जाऊन हव्या त्या पक्षाची वेगळी काढून तिच्यावर खूण करायची, ती मतपेटीत टाकायची, आणि उरलेल्या कोऱ्या पत्रिका दुसऱ्या पेटीत. कोणाची पत्रिका वापरली हे तो आणि त्याचा देव जाणे. आमच्या बँकेत लॉकर उघडताना ग्राहकाकडे पाठ करून उभं राहायची पद्धत होती, त्याची मला आठवण झाली.

यात धोका उघड होता. एका पक्षाचे मतदार दुसऱ्याच्या घरात शिरून त्याचा उमेदवार ठरवू शकत होते. ला फॉलेटला हा धोका दिसत नव्हता असं नाही. त्याला पुढाऱ्यांच्या खात्रीपेक्षा मतदाराची धरसोड परवडत होती.

१९०६ च्या जानेवारीत तो सिनेटर म्हणून वॉशिंग्टनला गेला. १९१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उतरला. आता त्याच्या कल्पनेची पहिली मोठी परीक्षा होती, कारण तोवर डझनभर राज्यांनी प्रायमरी स्वीकारली होती. पण २ फेब्रुवारीच्या रात्री फिलाडेल्फियात नियतकालिकांच्या प्रकाशकांच्या मेजवानीत त्याचा तोल गेला. त्याच्या धाकट्या मुलीवर, मेरीवर, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हायची होती. तो दमलेला होता, चिंतेत होता, आणि ज्या वृत्तपत्रवाल्यांचा पाहुणचार घेत होता त्यांनाच तो तासन् तास झोडपत राहिला, तेच ते पुन्हा बोलत राहिला. श्रोते उठून जाऊ लागले. सकाळी देशभर झालं की ला फॉलेट खचला. त्याच्या पाठीराख्यांना तर निमित्तच हवं होतं. ते थिओडोर रूझवेल्टकडे पळाले. बाप म्हणून त्या रात्री तो कुठे असायला हवा होता, ते कोणीही सांगेल.

मार्चमध्ये नॉर्थ डकोटाची प्रायमरी त्याने जिंकली, २ एप्रिलला विस्कॉन्सिनने त्याला चारांतली जवळजवळ तीन मतं दिली. बाकीच्या बहुतेक प्रायमरी रूझवेल्टने जिंकल्या. आणि उमेदवारी मिळाली कोणाला? गादीवर असलेल्या टाफ्टला, ज्याच्या पदरात जेमतेम एक राज्य पडलं होतं. बहुतांश राज्यांतले प्रतिनिधी अजून जुन्याच पद्धतीने येत होते आणि ते टाफ्टच्या मुठीत होते. ला फॉलेटला शिकागोत ४१ मतं पडली.

पुढचं आयुष्य झपाट्याने सांगतो, कारण ते इतिहासाच्या पुस्तकांत आहे. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकेने पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या ठरावाविरुद्ध सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ अशी मतं पडली, त्या सहांत तो होता. त्याच वर्षी सेंट पॉलच्या त्याच्या एका भाषणाचा वृत्तसंस्थेने चुकीचा वृत्तान्त दिला आणि त्याला सिनेटमधून काढण्याची मागणी झाली. ज्या विद्यापीठाने त्याला घडवलं, तिथल्या प्राध्यापकांनीही त्याच्याविरुद्ध पत्रकावर सह्या केल्या. वृत्तसंस्थेने नंतर माफी मागितली. हकालपट्टीचं प्रकरण १९१९ मध्ये फेटाळलं गेलं. १९२२ मध्ये लोकांनी त्याला प्रचंड बहुमताने परत पाठवलं. १९२४ मध्ये तो तिसऱ्या आघाडीतर्फे राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. ४८ लाख मतं, म्हणजे सहांतलं एक, आणि जिंकलेलं राज्य एकच, विस्कॉन्सिन. १८ जून १९२५ ला, सत्तरी पुरी करून चार दिवसांनी तो गेला.

त्याच्या जागेवर त्याचा मुलगा रॉबर्ट धाकटा निवडून आला आणि एकवीस वर्षं सिनेटमध्ये राहिला. वडिलांसारखा वक्ता नव्हे, पण अभ्यासू आणि सज्जन. दरम्यान या भावांनी १९३४ मध्ये रिपब्लिकन पक्ष सोडून आपला वेगळा प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला होता. १९४६ मध्ये तो मोडून धाकटा रॉबर्ट रिपब्लिकन पक्षात परतला. त्या वर्षीच्या प्रायमरीच्या काळात तो अमेरिकन काँग्रेसच्या कामकाजाची घडी बसवणाऱ्या विधेयकात गुंतून वॉशिंग्टनलाच राहिला, प्रचाराला जवळजवळ आलाच नाही. मिलवॉकीच्या कामगारांना बापाच्या कायद्याने हव्या त्या पक्षाची पत्रिका घेण्याची मुभा होती. त्यांच्यातले बरेच या वेळी डेमोक्रॅटिक पक्षाच्या पत्रिकेकडे वळले. सुमारे साडेपाच हजार मतांनी तो हरला. हरवणाऱ्याचं नाव जोसेफ मॅककार्थी. पुढे ज्याने कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली निम्म्या अमेरिकेची झोप उडवली, तोच हा. १९५३ च्या फेब्रुवारीत धाकट्या रॉबर्टने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवलं.

मला राहून राहून वाटतं की म्हातारा जिवंत असता तर त्याने कायदा बदलला असता का? त्याचा एकूण स्वभाव पाहता मला तसं वाटत नाही. मुलाला मात्र त्याने जत्रेत पिटाळलं असतं.

मधल्या काळात विस्कॉन्सिनची प्रायमरी अनेकांना नडली आणि काहींना फळली. १९४४ मध्ये वेंडेल विल्की इथे हरला आणि मैदान सोडून गेला. १९६० मध्ये केनेडीने शेजारच्या मिनेसोटाच्या हम्फ्रीला इथेच हरवलं. गंमत म्हणजे याच केनेडीच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५७ मध्ये सिनेटच्या इतिहासातले पाच थोर सभासद निवडले, त्यांत ला फॉलेट होता. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी विस्कॉन्सिनच्या मतदानाच्या दोन दिवस आधीच आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडेही हा प्रयोग एकदा झाला, हे अनेकांच्या स्मरणात नसेल. २०१४ च्या लोकसभेपूर्वी काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत पक्षाच्या पदाधिकाऱ्यांकडून आणि कार्यकर्त्यांकडून मतदान घेऊन उमेदवार ठरवले. त्यांत वर्धा आणि लातूर होतं. दोन्ही जागा पक्ष हरला. सामान्य मतदाराला त्यात स्थान नव्हतं, त्यामुळे ला फॉलेटने त्याला प्रायमरी म्हटलं असतं की नाही, शंकाच आहे.

डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांना विस्कॉन्सिनची ही उघड्या दाराची पद्धत नेहमीच खुपत आली. आमच्या पक्षाचा उमेदवार आमच्याच लोकांनी निवडावा, परक्यांनी नव्हे, हे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८१ च्या फेब्रुवारीत निकाल लागला, पक्षाच्या बाजूने. राज्य हवी तशी प्रायमरी घेऊ शकतं, पण तिच्या कौलाने पक्षाला बांधून ठेवू शकत नाही. विस्कॉन्सिनच्या वतीने त्या खटल्यात ज्याचं नाव होतं, तो राज्याचा महान्यायवादी ब्रॉन्सन ला फॉलेट, धाकट्या रॉबर्टचा मुलगा, फायटिंग बॉबचा नातू. १९८४ मध्ये डेमोक्रॅट पक्षाने विस्कॉन्सिनमध्ये प्रतिनिधी प्रायमरीऐवजी पक्षसभांतून निवडले. थोड्याच वर्षांत पक्षाने हट्ट सोडला आणि १९८८ पासून जुनी पद्धत परत आली.

२ एप्रिल २०२४ ला तिथे पुन्हा प्रायमरी झाली. आता मतपत्रिकेवर आणखी एक सोय असते. यांतला कोणीच नको, आमच्या पक्षाचे प्रतिनिधी कोणाला बांधील न राहता जाऊ देत, अशी. डेमोक्रॅटिक बाजूला ४८ हजारांच्या आसपास लोकांनी त्या चौकोनावर खूण केली. ती कोणी केली, त्याचा पक्ष कोणता, हे मतदानकेंद्रावर कोणी विचारत नाही.